‘शुक्रतारा’चे काय करायचे?

गेल्या कोजागरीच्या आधी आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीच्या बैठकीत एक लहानसा खटका उडाला. कार्यक्रमाची यादी वाचली जात होती. सातव्या क्रमांकावर ‘शुक्रतारा’ आले, तेव्हा एक उत्साही सभासद म्हणाले, “यंदा तरी शुक्रतारा नको. दरवर्षी तेच गाणे, तोच कराओके ट्रॅक, तीच दोन जोडपी. मुले तेवढ्यात बाहेर गाडीत जाऊन बसतात.” दुसऱ्या बाजूने लगेच उत्तर आले, “मग कोजागरी कशाला करायची? नुसते दूधच वाटा.” अर्धा तास हे चालले. शेवटी मसाला दूध किती लिटरचे करायचे हा अधिक निकडीचा प्रश्न पुढे आला आणि गाणे यादीत राहिले.

त्या बैठकीत वयाने सर्वांत मोठी मी, आणि मी गप्प बसले. गप्प बसण्याचे कारण असे की दोन्ही बाजू मला अर्ध्या अर्ध्या पटत होत्या. हे गाणे आम्ही फार गातो हे खरे, आणि बहुतेक वेळा वाईट गातो हेही खरे. पण ते काढून टाकावे असे म्हणताना जीभ अडखळते. ती का अडखळते, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. त्या दिवशी द्यायला हवे होते ते उत्तर आज उशिरा लिहून देत आहे. वाचकांनी गोड मानून घ्यावे.

कोजागरीला ते गाणे गायले एका तरुण मुलाने. जन्म लेस्टरचा, शाळेत असताना इंग्रजी गायनवृंदात गायलेला, गळा सुरेल. मराठी तो बोलतो, पण वाचता येत नाही, म्हणून शब्द मोबाइलवर रोमन लिपीत लिहून आणलेले. बाईचा आवाज ट्रॅकवरच होता. ध्रुपदात एक ‘ळ’ येतो, त्याचा प्रत्येक वेळी ‘ल’ झाला. पुढच्या दोन रांगांमध्ये बसलेल्या आम्ही साठी-सत्तरीच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. मीही पाहिले, हे कबूल करते.

नंतर दुधाचा पेला हातात घेऊन तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “काकू, एक विचारू? या गाण्यात पुढे काय होतं? तो तिला विचारतो, ती हो म्हणते का?” मी म्हटले, “काहीच होत नाही. दोघे एकमेकांना जवळ राहायला सांगतात, एवढेच.” तो म्हणाला, “मग साठ वर्षं लोक का गातात?”

प्रश्न साधा होता आणि मला उत्तर आले नाही.

गाण्याची जन्मकथा बहुतेकांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगते. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे, साल १९६२. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ‘भावसरगम’ नावाचा कार्यक्रम होता, त्यात नवीन भावगीते सादर होत. त्यातले हे एक. अरुण दात्यांचे हे पहिले मराठी गाणे. पुढे ‘शुक्रतारा’ याच नावाने त्यांनी आयुष्यभर कार्यक्रम केले. खळे २०११ साली गेले, पाडगावकर २०१५ च्या डिसेंबरात, आणि अरुण दाते २०१८ च्या मे महिन्यात.

आता या माणसांकडे जरा नीट पाहा. आपण हे गाणे कोजागरीला गातो ते ‘आपल्या तिकडचे’ गाणे म्हणून. डोळ्यांपुढे असते पुणे, दादर, नाहीतर सांगलीच्या कृष्णेचा घाट. पण अरुण दाते इंदूरचे. वडील रामूभैया दाते हे इंदुरातले मोठे रसिक, पु. ल. देशपांड्यांच्या ‘गणगोत’मुळे मराठी वाचकाला ते घरच्यासारखे परिचित आहेत. त्या घरात बैठका व्हायच्या, बेगम अख्तर आणि कुमार गंधर्वांचे सूर भिंतींत मुरलेले. मुलगा उर्दू गझल गाणारा. त्याला मराठी गाणे गा म्हटले तेव्हा त्याने आढेवेढे घेतले, कारण आपण इंदूरचे, आपले मराठी उच्चार मुंबई-पुण्याच्या लोकांना चालतील की नाही, ही धास्ती. खळ्यांनी आग्रह सोडला नाही म्हणून ते गाणे झाले. खळे स्वतः बडोद्याचे; जन्म तिथला, संगीताचे शिक्षण तिथले. सुधा मल्होत्रांचा जन्म दिल्लीचा. हिंदी चित्रपटांत गाऊन, ‘दीदी’ चित्रपटातल्या साहिरच्या एका गीताला १९५९ साली स्वतः चाल लावून, लग्नानंतर त्या चित्रपटगायनापासून दूर झालेल्या. चौघांत महाराष्ट्रात जन्मलेले एकटे पाडगावकर, ते वेंगुर्ल्याचे.

म्हणजे मराठी प्रेमाचे म्हणून जे गाणे आपण छातीशी धरून बसलो आहोत, ते घडवणाऱ्या चौघांपैकी तिघे बाहेरचे. एवढेच नाही. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राजा बढ्यांचे गीत, शाहीर साबळ्यांनी गायलेले, ज्याला २०२३ साली महाराष्ट्राचे राज्यगीत केले गेले, त्याचीही चाल या बडोदेकर खळ्यांचीच. आणि पुढच्या रांगेत बसून आम्ही लेस्टरच्या मुलाच्या ‘ळ’वर नाक मुरडत होतो! अरुण दात्यांना ज्यांची भीती वाटत होती ते ‘लोक’ म्हणजे आम्हीच की.

पण ‘बाहेरच्यांनी केले’ हे काही गाणे टिकण्याचे कारण होत नाही. कारणे गाण्यातच शोधायला हवीत.

पहिली गोष्ट म्हणजे हे रेडिओचे गाणे आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि चित्रपटसंगीताला आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार करून बसले. श्रोते रेडिओ सिलोनकडे पळाले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या हट्टाचा दुसरा परिणाम कमी सांगितला जातो: रिकामी झालेली जागा भरायला आकाशवाणीने सुगम संगीत स्वतः घडवायला घेतले, कवींकडून शब्द, संगीतकारांकडून चाली, सगळे नव्याने. मराठीत भावगीत आधीपासून होतेच. गजाननराव वाटव्यांनी ते चौकाचौकात नेले होते. पण मुंबई केंद्राने त्याला महिन्याच्या महिन्याला पाणी घातले.

चित्रपटातल्या प्रेमगीताला चेहरे असतात. नायकाची कोंबडा काढलेली केशरचना, नायिकेची साडी, मागची बाग. वीस वर्षांनी ते चेहरे जुने होतात आणि गाणेही त्यांच्याबरोबर थोडे हास्यास्पद होते. ‘शुक्रतारा’ला चेहरा नाही. ते ऐकताना प्रत्येकाने आपापला चेहरा घातला आणि पुढच्या पिढीने तो काढून आपला घातला. त्यात गावाचे नाव नाही, जातपात, नातेवाईक, नोकरी, ऋतूचा सण काही नाही. दोन माणसे आणि आकाश.

आकाशावरून आठवले. आमच्या मंडळात एक निवृत्त शास्त्रज्ञ आहेत. दरवर्षी गाणे संपले की ते शांतपणे सांगतात की मध्यरात्री शुक्र दिसणे शक्य नाही. शुक्र सूर्यापासून कधी फार दूर जात नाही, त्यामुळे सूर्यास्तानंतर फार तर तीनेक तास दिसतो आणि मावळतो. आम्ही हसतो आणि दुसरा पेला घेतो. पण मी एकदा या आक्षेपाचा गंभीरपणे विचार केला, आणि मला वाटते त्यांनी नकळत गाण्याची किल्ली हातात दिली. आपल्या जात्यावरच्या बायकांची ‘शुक्राची चांदणी’ ही पहाटेची. ती दिसली की उठायचे आणि दळायला बसायचे. गाण्यातली रात्र मात्र चढत जाणारी आहे, म्हणून हा शुक्र संध्याकाळचा. म्हणजे गाण्याची वेळ ठरली: दिवेलागणीनंतरचे दोन-तीन तास. त्या वेळी १९६२ च्या मराठी घरात काय चालू असे? पानांची मांडामांड, मुलांचे परवचे, सासऱ्यांचा रेडिओ. त्या वेळी तरुण सून नवऱ्याबरोबर पाण्याकाठी बसलेली असणे हे मुळात घडतच नव्हते. दोन खोल्यांत आठ माणसे राहणाऱ्या मुंबईत तर नाहीच. जागा मिळाली तर चौपाटीवर, तीही चार फुटांवर दुसरे जोडपे. हे गाणे आठवणीतल्या सुखाचे नव्हते, न मिळालेल्या सुखाचे होते. आणि गंमत म्हणजे तेच गाणे सासऱ्यांच्या रेडिओवरून, सगळ्यांच्या देखत, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होते.

(मुहूर्त काढणाऱ्यांनी आठवावे की शुक्राचा अस्त असला की लग्ने लागत नाहीत. पुराणातला शुक्र असुरांचा गुरू आणि पत्रिकेतला शुक्र विवाहाचा कारक; आपल्या देवाधर्मात एकाच माणसाकडे दोन खाती असायची, आमच्या खजिनदारांसारखी. असो.)

दुसरी गोष्ट वृत्ताची. शाळेत वृत्ते पाठ करून विसरलेल्यांनी घाबरू नये. ‘शुक्रतारा’ ज्या वृत्तात आहे त्याचे मराठी नाव देवप्रिया. गालगागा तीनदा आणि शेवटी गालगा. फारसी-उर्दू गझलेत हेच माप ‘रमल’ या बहरात येते. माधव जूलियनांनी १९२० आणि ३० च्या दशकांत फारसी वृत्ते मराठीत रुजवली, त्यांच्या वाटेने ते भावगीतात उतरले. पडताळा हवा असेल तर हसरत मोहानींची ‘चुपके चुपके’ ही गझल घ्या, ‘निकाह’ चित्रपटातून १९८२ मध्ये गुलाम अलींच्या आवाजात घरोघरी गेलेली. तिच्या ओळी आणि पाडगावकरांच्या ओळी एकाच मापाच्या आहेत. बोटांवर मोजून पाहा, अडखळायला होणार नाही. बेगम अख्तरच्या बैठकी ऐकत वाढलेल्या गझल गायकाच्या तोंडी पहिले मराठी गाणे आले ते गझलेच्या मापाचे. दात्यांना उच्चारांची भीती वाटली असेल, पण ती लय त्यांच्या ओळखीची होती.

त्यात पाडगावकरांनी एक साधी युक्ती केली आहे. प्रत्येक कडव्यात तीन ओळी पूर्ण मापाच्या, सव्वीस मात्रांच्या. चौथी ओळ, म्हणजे ध्रुपद, फक्त बारा मात्रांची, निम्म्याहूनही कमी. लांब श्वासाच्या तीन ओळी ऐकल्यावर कानाला आणखी एका लांब ओळीची अपेक्षा असते, आणि तिथे गाणे थांबते. उरलेल्या जागेत शब्द नाहीत, फक्त सूर. जवळ राहा म्हणणाऱ्याने याहून जास्त बोलायचे नसते, हे कवीला कळले होते.

आता तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा प्रपंच.

ध्रुपदाची ती छोटी ओळ तो तिला म्हणतो आणि मग ती त्याला म्हणते. शब्द तेच. मराठी व्याकरणाला भाग पडते म्हणून एक अक्षर तेवढे बदलते, ‘शी’चा ‘सा’ होतो. आणि दोघेही एकमेकांना ‘तू’ म्हणतात.

आम्ही १९७३ साली या देशात आलो. मी नवऱ्याला ‘अहो’ म्हणत असे. माझ्या वयाच्या बहुतेक जणी म्हणत. इंग्रजी बोलताना ‘यू’मध्ये सगळे सपाट होऊन जाई आणि त्याची एक चोरटी मजा वाटे, पण मराठीत आले की पुन्हा ‘अहो’. १९८१ साली दिवाळीच्या कार्यक्रमात आम्हा दोघांना ‘शुक्रतारा’ गायला सांगितले. चर्चचा भाड्याने घेतलेला हॉल, शंभरेक माणसे, आणि पहिल्या रांगेत मिरजेहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाई, नऊवारीवर स्वेटर घालून. घरी सराव केला होता तो त्या झोपल्यावर. हॉलमध्ये माझ्या कडव्याची वेळ आली आणि माझ्या लक्षात आले की मी आता यांच्या आईसमोर, शंभर माणसांच्या देखत, यांना ‘तू’ म्हणणार आहे. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. घशाला कोरड पडली. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला होता. मी गायले; कसे गायले ते आठवत नाही.

परतताना गाडीत कोणी बोलेना. शेवटी मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, “गाण्यात चालतं.” आणि बऱ्याच वेळाने, बाहेरच्या अंधाराकडे बघत, “आमच्या वेळी गाण्यातसुद्धा नव्हतं.”

इतिहास म्हणून त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे नाही. नाटकातल्या नायिका पदांतून प्रियकराला ‘तू’ म्हणत होत्या, लावणीत तर काय विचारूच नका, आणि चित्रपटांत युगुलगीते होतीच. पण नाटकातली नायिका रंगभूमीवरची आणि लावणीतली बाई फडावरची, घरातली नव्हे. भावगीतातली स्त्री बहुधा एकटी गायची: समोर नसलेल्या प्रियकराला, सखीला, चंद्राला. ‘शुक्रतारा’मधली स्त्री समोर बसलेल्या पुरुषाला तोच आणि तेवढाच शब्द परत देते. तो जे मागतो ते ती देते असे नाही. ती तेच त्याच्याकडे मागते. सासूबाईंना जे नव्हते म्हणून सांगायचे होते ते हेच असावे. लेस्टरच्या मुलाला ही गोष्ट ऐकू आली नाही यात नवल नाही. त्याच्या जगात ती इतकी सहज आहे की दिसतच नाही. त्याला विचारावेसे वाटले, “ती हो म्हणते का?” गाण्यात ती कधीच होकार देत नाही. तिला होकार-नकाराच्या खुर्चीवर बसवलेलेच नाही.

या गाण्याची मी आंधळी भक्त आहे असे कोणी समजू नये. चंद्र, चांदणे, फूल, सुगंध हे सामान मराठी कवितेत तेव्हाच झिजलेले होते. मधल्या दोन कडव्यांत स्त्री म्हणजे लाजरे फूल आणि पुरुष म्हणजे गंध वाहणारा वारा ही जोडी येते, ती मला आजही कंटाळवाणी वाटते. आणि वर सांगितलेल्या बरोबरीला ती छेदही देते. पाडगावकरांवर ‘गोड’ असल्याचा आरोप होत आला, तो अशा ठिकाणी खरा वाटतो. याच कवीने पुढे ‘सलाम’ लिहिली, भ्यालेल्या माणसाच्या लाचारीवरची कडवट कविता, आणि त्या संग्रहाला १९८० चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. म्हणजे कडू लिहिता येत नव्हते असे नाही. पण गाण्याच्या अखेरच्या कडव्यात, बाईच्या तोंडी, फुलांच्या भाराने वाकलेल्या फांदीची उपमा आहे. लाजरे फूल गेले, आता ती स्वतः झाड आहे आणि बहराचे ओझे तिला जाणवते आहे. तीन कडव्यांची साखर त्या एका फांदीसाठी मी माफ करते.

आणि चाल? खळ्यांच्या चाली ऐकायला सोप्या, गायला बसले की पायरी सापडत नाही. हे कोणत्याही हौशी गायकाला विचारा. दाते गातात ते जवळजवळ बोलल्यासारखे. ताना नाहीत, आवाज दाखवणे नाही. शब्दावर जेवढा भार द्यायचा तेवढाच. सुधाताईंच्या आवाजात लाडिकपणा नाही. थोडा भरीव, ठाम आवाज आहे. लाजऱ्या फुलाचे शब्द गातानाही त्या लाजत नाहीत, आणि माझ्या मते कडवे तिथे वाचते. आम्ही मंडळांतून नेमके उलटे करतो. बाईने मान वेळावायची, पुरुषाने डोळे मिटून हात पसरायचे, लय आणखी संथ करायची, आणि प्रत्येक ध्रुपदाला ‘गेले ते दिवस’ असा उसासा टाकायचा. मूळ गाण्यात गेलेल्या दिवसांचा मागमूस नाही. ते पूर्णपणे आजच्या रात्रीविषयी आहे. आपण त्यात आपली तरुणपणीची गावे, गेलेले आईवडील, विकलेली घरे कोंबली आणि मग मुले ऐकत नाहीत म्हणून तक्रार करतो. मुले गाण्याला कंटाळत नाहीत. आपल्या उसाशांना कंटाळतात.

तरी उसासे कुठून येतात तेही सांगायला हवे. आमच्या पिढीतल्या डॉक्टरांच्या बायकांना विचारा. सहा महिन्यांची एक नेमणूक, ती संपली की दुसऱ्या गावी दुसरी. कधी वेकफील्ड, कधी स्वॉन्झी, कधी डडली. हॉस्पिटलच्या खोलीत बाळाला ठेवायची सोय नसायची, म्हणून मी मिडलंड्समध्ये, हे आठवड्याच्या शेवटी आले तर आले. नाण्यांच्या फोनवर तीन मिनिटे. मुंबईच्या चाळीत जोडप्यांना आडोसा नव्हता आणि वेळ होता. इथे तीन बेडरूमचे घर होते, दार लावले की कोणी येणार नाही, आणि माणूसच जागेवर नव्हता. मुंबईहून आलेल्या कॅसेटवर हे गाणे होते. मी ते इस्त्री करताना लावत असे. विरहाची गाणी तेव्हा मला सहन होत नसत. अरुण दात्यांचेच ‘भातुकलीच्या खेळामधली’ लागले की मी पुढे सरकवायची. हे चाले, कारण यात कोणी कोणाला सोडून गेलेले नाही. ‘ये’ नाही, ‘जाऊ नकोस’ नाही, नुसते ‘राहा’. राहण्याची गाणी फार थोडी असतात. जो जवळ आहे त्याच्याविषयी लिहिणे कठीण असते.

इंग्रजांचे एक असेच चिवट गाणे आहे, ‘अनचेन्ड मेलडी’. १९५५ मध्ये ‘अनचेन्ड’ नावाच्या तुरुंगावरच्या एका अमेरिकन चित्रपटासाठी लिहिलेले. चित्रपट कोणाला आठवत नाही. गाणे ब्रिटनच्या यादीत चार वेगवेगळ्या वेळी पहिल्या क्रमांकावर गेले: १९५५ मध्ये जिमी यंगच्या आवाजात, १९९० मध्ये ‘घोस्ट’ चित्रपटामुळे रायचस ब्रदर्सच्या, १९९५ मध्ये रॉब्सन आणि जेरोमच्या, २००२ मध्ये गॅरेथ गेट्सच्या. माझ्या प्रयोगशाळेतल्या नाताळच्या पार्ट्यांत तिन्ही पिढ्या ते ओरडून गात आणि प्रत्येकीला ते आपल्याच काळातले वाटे. ते गाणे दर पिढीने हातात घेतले, आपल्या पट्टीत बसवले, थोडे बिघडवलेही. ‘शुक्रतारा’ आपण कोणाला बिघडवू दिले नाही. साठ वर्षे आपण अरुण दात्यांच्या श्वासाच्या जागाही जशाच्या तशा गिरवतो आहोत. कराओके ट्रॅक म्हणजे त्या गिरवण्याची वही. कार्यकारिणीतल्या त्या सभासदांचा वैताग, मला वाटते, गाण्यावर नव्हता. या वहीवर होता.

माझे यजमान २०१६ साली गेले. त्यानंतर बाईचे कडवे मी कुठे गायलेले नाही. लेस्टरच्या मुलाने जानेवारीत फोन केला. त्याला पाडव्याच्या कार्यक्रमात ते पुन्हा गायचे आहे, ट्रॅक नको, गिटार घेऊन, आणि लय जरा उचलून. बाईच्या कडव्यांना कोणीतरी हवे आहे. त्याच्या वयाच्या दोघी-तिघींना विचारून झाले, त्या नाही म्हणाल्या. “काकू, तुम्ही गाल का? आणि तो ळ शिकवा.” मी म्हटले, लोक हसतील, मी तुझ्या आजीच्या वयाची. तो म्हणाला, “गाण्यात चालतं.”

त्याला कुठून सुचले कोण जाणे. ही गोष्ट मी त्याला सांगितलेली नव्हती.

दोन रविवार तो येऊन गेला. जीभ मागे वळवून टाळूला लावायची हे मी त्याला पाण्याचा घोट देऊन शिकवले. ‘बाळ’ आणि ‘काळा’ छान येतात, गाताना मात्र अजून दहात दोनदा ‘ल’ होतो. पट्टीचे अजून जमलेले नाही. त्याला काळी एक सोयीची आहे, आणि त्या पट्टीत वरचे सूर मला या वयात लागत नाहीत. तो म्हणतो, आपण एक सूर खाली उतरून पाहू.